बे एरियाच्या एक्सप्रेस लेनमध्ये शिरताय? या चुका टाळा

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात देशातून नवीन आलेली मंडळी गाडी घेतात, आठवड्याभरात 880 हायवेवर येतात आणि फास्टट्रॅक (इथला टोलचा टॅग) म्हणजे आपला फास्टॅगच असं समजून डावीकडच्या एक्सप्रेस लेनमध्ये, म्हणजे टोल भरून वापरायच्या लेनमध्ये, घुसतात. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर पहाटे निघा नाहीतर संध्याकाळी, टोल तेवढाच. इथे लेनमध्ये गर्दी किती आहे ते बघून टोलचा आकडा काही-काही मिनिटांनी बदलतो, आणि तो चढवतात कारण लेनचा वेग ताशी 45 मैलांच्या खाली जायला नको. म्हणजे दर चढल्यावर काही जणांनी बाहेर राहावं हाच तर हेतू आहे. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं जातं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे फास्टट्रॅकच्या फ्लेक्स टॅगवरचा स्विच. त्यावर 1, 2 आणि 3+ असं असतं, गाडीत माणसं किती ते आपण सांगायचं. 880 आणि 101 या हायवेंवर तिघं असाल तर फुकट, दोघं असाल तर अर्धा टोल, एकटे असाल तर पूर्ण. आमच्या ओळखीतल्या एकाचे आईवडील पुण्याहून आले होते. सुरुवातीला हा दोघांना घेऊन फिरायचा आणि स्विच 1 वर, म्हणजे पूर्ण टोल भरत होता. मग कुणीतरी सांगितलं तेव्हा 3 वर केला. आईवडील परत गेले, हा सॅन होजेच्या ऑफिसला पुन्हा एकटा जायला लागला, आणि स्विच तसाच 3 वर. वर टोल रीडरपाशी दिवा असतो, टॅग किती माणसं सांगतोय ते त्याच्यावरून हायवे पोलिसांना कळतं. दिवा सांगतोय तीन आणि गाडीत डोकं एक. थांबवलं, याने "विसरलो हो" सांगून बघितलं, काही उपयोग झाला नाही. असा दंड कमीत कमी 490 डॉलर आहे. विसरलात का मुद्दाम केलंत हे तिथे कुणी विचारत नाही, आणि मला विचाराल तर विचारूही नये, कारण मुद्दाम करणारेही हेच सांगतात.

माझी सवय सांगते, सीटबेल्ट लावला की लगेच हात स्विचकडे, आणि घरी गाडी लावली की परत 1 वर. सिग्नलला करू, हायवेवर चढताना करू असलं काही ठेवायचंच नाही. आणि हो, कारसीटमधलं तान्हं बाळही माणूस धरतात.

दुसरी चूक दुहेरी पांढऱ्या रेघेची, आणि याचा मला खरंच राग येतो. बाजूच्या लेन मुंगीच्या पावलाने चाललेल्या असतात आणि एक्सप्रेस लेन साठच्या वेगाने. मधेच एखाद्याला वाटतं आपणही जावं, तो जवळजवळ थांबलेल्या गाडीतून रेघ ओलांडून आत शिरतो, आणि मागून साठने येणाऱ्याला ब्रेक मारायला जागाच उरत नाही. दोन मिनिटं वाचवायला मागच्याचा जीव धोक्यात घालायचा? तुटक रेघ येईपर्यंत थांबा. बाहेर पडतानाही तेच. एक्झिट समोर दिसल्यावर चार लेन कापत उजवीकडे धावणारे रोज दिसतात. मी एक्झिटच्या बऱ्याच आधी, मिळेल त्या तुटक रेघेला बाहेर पडते. पाच-सात मिनिटं गर्दीत गेली तर जाऊ देत.

टोलच्या पाटीवरचा नुसता वरचा आकडा वाचू नका. तो बहुतेक वेळा जवळच्या टप्प्याचा असतो, खालचा आकडा पुढच्या लांबच्या ठिकाणापर्यंतचा. शिरताना जो दर दिसला तोच लागतो, आत असताना वाढला म्हणून घाबरून मधेच बाहेर पडायची गरज नाही. आणि दर जास्त म्हणजे बाहेर भयंकर ट्रॅफिक असेल असं धरून शिरू नका, तो आकडा मुख्यतः एक्सप्रेस लेन किती भरलीय ते सांगतो. फोनवर मॅप बघा, किती मिनिटं वाचतायत ते बघा, मग ठरवा. मी विमान गाठायचं असेल किंवा डेकेअर बंद व्हायची वेळ झाली असेल तरच पैसे घालते.

जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतलीत आणि बंपरवर कार्पूलचा (या लेनमध्ये टोलची सवलत देणारा) स्टिकर आहे म्हणून खूश होऊ नका, ती सवलत 30 सप्टेंबर 2025 ला संपली.

शनिवार-रविवारी आणि रात्री 8 ते पहाटे 5 ही लेन सगळ्यांना फुकट असते, तेव्हा ती उगाच रिकामी सोडू नका. दुहेरी रेघेचा नियम मात्र तेव्हाही आहेच.

गाडी विकलीत की त्याच दिवशी फास्टट्रॅकच्या खात्यातून नंबर प्लेट काढा, नाहीतर नव्या मालकाचा टोल तुमच्या खात्यातून जात राहील. भाड्याची गाडी घेतलीत तर तिची प्लेट तेवढ्या तारखांपुरती खात्यात टाका, परतीची तारीखसुद्धा तिथेच भरून ठेवा.