पसरणीच्या घाटात डोंगर कसा वाचावा

वाई ते महाबळेश्वर हा तीसेक किलोमीटरचा रस्ता लोकांना स्ट्रॉबेरी आणि पॉइंटांमुळे ठाऊक आहे. पण पाणी आणि ऊन मिळून डोंगर कसा झिजवतात, हे एका दिवसात खालून वर क्रमाने पाहायचे असेल, तर याच्याइतका सोयीचा रस्ता मला दुसरा माहीत नाही.

जायचे ते गवत वाळल्यावर, जानेवारी ते मे. पावसाळा संपल्या संपल्या डोंगर देखणा असतो, पण खडक झाकलेला असतो. सोबत एक भिंग, एक जाडसर खिळा आणि भरपूर पाणी घ्या. हातोडा नको, रस्त्यासाठी कापलेली दरड आधीच सैल असते. गाडी वळणावर उभी करू नका. आणि पावसात दरडीखाली अजिबात थांबू नका.

वाईत: पायऱ्या मोजा. सकाळच्या तिरप्या उन्हात गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवरून पांडवगडाकडे पाहा. उभा काळा कडा, त्याखाली झुडपांचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरले. थराचा मधला भाग सावकाश निवून घट्ट झाला, वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र राहिला. पाणी आधी सच्छिद्र भाग खाते, मग वरच्या कड्याचा आधार जातो आणि तो तुकड्या-तुकड्यांनी कोसळतो. उतारावर विखुरलेले धोंडे दिसले की ते कुठल्या कड्यावरून आले असतील, हे नजरेने शोधून काढा.

घाटात: खडक ओळखा. रुंद जागा बघून थांबा आणि दरडीजवळ जा. विहिरी खणणाऱ्यांचे शब्द इथे फार उपयोगी पडतात. खिळ्याने सहज ओरखडा उठत नाही तो काळा पाषाण. अंगावर पांढरे-हिरवट ठिपके असलेला तो मांजऱ्या. बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे खनिजे भरली, तेच हे ठिपके. भिंगातून त्यांतले बारीक स्फटिक चमकताना दिसतात. हाताने चुरता येतो तो मुरूम.

मुरमापाशी मात्र घाई करू नका. त्यात गोल गोटे अडकलेले दिसतील आणि प्रत्येक गोट्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे असतील. हे नदीने वाहून आणलेले गोटे नव्हेत, ते जागच्या जागीच गोल झाले आहेत. खडक निवताना त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या आणि त्याचे चौकोनी ठोकळे झाले. भेगांतून पाणी शिरले. ठोकळ्याच्या सपाट बाजूला पाणी एकाच अंगाने लागते, कडेला दोन अंगांनी आणि कोपऱ्याला तिन्ही अंगांनी, म्हणून कोपरे आधी कुजतात. खडकातल्या खनिजांची चिकणमाती होते, लोह गंजून पिवळे-तपकिरी पडते. बाहेरचा पापुद्रा बोटाने दाबा, भुगा होईल. आतल्या गाभ्यावर दुसऱ्या दगडाने टकटक करा, खणखणीत आवाज येईल. एकच खडक, वीतभर अंतरात माती आणि पाषाण दोन्ही.

दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसला, तर त्याचा फोटो जरूर काढा. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात कुजलेला हा जुना पृष्ठभाग पुढच्या लाव्हाखाली गाडला गेला. वाई तालुक्यातल्या कमळगडावर गेरूची विहीर आहे. तिच्या पायऱ्या उतरताना चारी बाजूंनी अशीच तांबडी माती दिसते. वेळ असेल तर ती चुकवू नये.

पाचगणीत: नसलेला डोंगर पाहा. टेबल लँडवर पायाखाली जांभा आहे. दीर्घकाळच्या उष्ण, ओल्या हवेत पावसाने काळ्या खडकातली सिलिका आणि चुना धुऊन नेला, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. उघड्यावर जांभा कडक होतो आणि झाकणासारखा डोंगर राखतो. त्याखालचा मऊ भाग झिजला की कडेखाली पोकळ्या पडतात.

आता कडेपासून सुरक्षित अंतरावर उभे राहून कृष्णेचे खोरे आणि धोमचा जलाशय पाहा. समोरच्या डोंगरांचे सपाट माथे शोधा आणि माथ्यापासून माथ्यापर्यंत मनाने एक रेघ ओढा. रेघेच्या खाली जी पोकळी आहे, तिथे कधीकाळी खडक होता. कृष्णेने आणि तिच्या ओढ्यांनी तो गाळ करून पूर्वेला नेला.

आर्थर सीटला: दोन नद्यांची तुलना करा. कृष्णा आणि सावित्री दोघी महाबळेश्वरच्याच. कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, तर सावित्री शंभर-सव्वाशे किलोमीटरांत बाणकोटला समुद्र गाठते. उतरायची उंची दोघींना जवळपास तेवढीच, म्हणून सावित्रीचा उतार कितीतरी तीव्र. त्यात माथ्यावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पश्चिमेचे ओढे उगमाकडून मागे मागे डोंगर खात येतात आणि सह्याद्रीचा कडा अतिशय संथपणे पूर्वेकडे सरकतो. नकाशावर उंचीच्या रेषा पाहा, पश्चिमेला त्या एकमेकींना खेटून असतात.

हे काम नेहमीच संथ नसते. २२ जुलै २०२१ला याच भागात अतिवृष्टी झाली, महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. म्हणून डोंगरातल्या वाडीत राहत असाल, तर पावसाळ्यात वरच्या उतारावर नजर ठेवा. उताराला आडव्या नव्या भेगा, कललेली झाडे किंवा खांब, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा नव्या जागी फुटणे, घराची दारे एकाएकी अडकू लागणे, यातले काहीही दिसले की पाऊस थांबायची वाट न पाहता आधी घर सोडा, शेजाऱ्यांना बाहेर काढा आणि मग तहसील कार्यालयाला किंवा जिल्हा आपत्ती कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर कळवा.