ब्रिटनमधील परसबागेत जुन्या वाणांचे लवकर येणारे बटाटे कसे घ्यावेत

ब्रिटनमध्ये परसबाग करणाऱ्या मराठी मंडळींनी बटाट्याची सुरुवात जुन्या, लवकर तयार होणाऱ्या वाणांपासून करावी, असे मला मनापासून वाटते. १८९१ पासूनचा ‘ड्यूक ऑफ यॉर्क’, १८९७ चा ‘एपिक्योर’ किंवा १९०० च्या सुमारास आलेला ‘शार्प्स एक्सप्रेस’ आजही बेण्यासाठी मिळतो. या वाणांची चव उत्तम असली तरी करपा या पाने व कंद कुजवणाऱ्या रोगाला तोंड देण्याची ताकद त्यांच्यात फारशी नाही. तो पसरण्यापूर्वी काढणीला येणे हेच त्यांचे संरक्षण, आणि म्हणूनच येथे प्रत्येक काम वेळेवर होणे महत्त्वाचे आहे.

जानेवारीच्या अखेरीस प्रमाणित बेणे आणावे. खाण्यासाठी विकत घेतलेले बटाटे लावू नयेत, कारण त्यांतून विषाणूजन्य रोग बागेत येऊ शकतात. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अधिक डोळे असलेले टोक वर ठेवून, बटाटे उजेडाच्या व सुमारे १० अंश सेल्सिअस तापमानाच्या जागी मांडावेत. अंधारात कोंब लांब, पांढरे आणि ठिसूळ होतात. उजेडात मात्र ते आखूड व जाड राहतात. कोंब दोन-अडीच सेंटिमीटरचे झाले की बेणे लावणीस तयार होते.

लावणी मार्चच्या अखेरीस करावी. स्कॉटलंडमध्ये एप्रिलपर्यंत थांबणे बरे. जागा भरपूर उन्हाची असावी आणि तेथे गेल्या तीन वर्षांत बटाटे किंवा टोमॅटो घेतलेले नसावेत. मातीत कुजलेले शेणखत मिसळावे, पण चुना टाकू नये, कारण त्याने सालीवर खपल्या धरणारा रोग बळावतो. १२ ते १५ सेंटिमीटर खोल सरीत ३० सेंटिमीटर अंतरावर, कोंब वर ठेवून बेणे लावावे. दोन सऱ्यांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर पुरते.

रोपे वीतभर वाढली की बुंध्याशी मातीची भर द्यावी आणि दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा द्यावी. वर उघडे पडलेले बटाटे हिरवे होतात व त्यांत विषारी द्रव्य वाढते, त्यामुळे हे काम टाळून चालत नाही. मे महिन्यातही एखादी रात्र पाने गोठवून जाते. अशा संध्याकाळी रोपांवर बागेचे फ्लीस कापड पसरावे. ‘एपिक्योर’ अशा माऱ्यानंतरही चांगला सावरतो, म्हणून थंड भागात मी तोच सुचवीन. कंद धरू लागल्यावर कोरड्या दिवसांत भरपूर पाणी द्यावे.

लावणीनंतर दहा ते बारा आठवड्यांनी, साधारणपणे फुले उमलताना, वरंब्याची माती हाताने बाजूला करून पाहावे आणि कोंबडीच्या अंड्याएवढे बटाटे दिसले की काढणी सुरू करावी. सगळे पीक एकदम न उपटता रोज लागेल तेवढेच काढावे, मात्र पानांवर करप्याचे तपकिरी डाग दिसताच पाला कापून बागेबाहेर टाकावा. कोवळी साल बोटाने निघते, त्यामुळे सोलण्याची गरज नसते. ‘शार्प्स एक्सप्रेस’ उकळत्या पाण्यात फुटतो. तो वाफेवरच शिजवावा.