साइज जुळली म्हणून फाइल खरी नसते

एयूआरमध्ये, म्हणजे आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांनी चालवलेल्या पॅकेजांच्या साठ्यात, माझं एक बारकं पॅकेज आहे. मराठी शब्दांची यादी, साधी टेक्स्ट फाइल. कंपाइल करायचं काही नाही, त्यामुळं यात चुकायला आहेच काय, असं वाटायचं.

लातूरच्या हॉस्टेलवर बसून नवी आवृत्ती चढवत होतो. पीकेजीबिल्डमध्ये (पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी फाइल) आवृत्तीचा आकडा बदलला, कर्ल या डाउनलोडच्या कमांडनं शब्दांची फाइल ओढली. आली दोन केबी! वायफायचं लॉगिन संपलं होतं. मग मोबाइलचा हॉटस्पॉट लावला आणि राहिलेलं पुढून ओढणारा 'सी' पर्याय देऊन तीच कमांड मारली. रूममेट म्हणाला, "काय करायलास रे अजून?" म्हटलं, झालंच. साइज बाइटला बाइट जुळली.

इथंच फसलो. फाइलचा पत्ता साधा एचटीटीपी होता, म्हणून वायफायनं मधेच स्वतःचं लॉगिन पान दिलं आणि ते माझ्या फाइलच्या नावानं सेव्ह झालं. 'एफ' पर्याय दिला होता, पण तो ४०४ वगैरे आल्यावर थांबतो. लॉगिन पान २००, म्हणजे 'सगळं ठीक', म्हणत येतं. पुढं कर्लनं फाइलच्या आत काय आहे ते बघितलंच नाही. बाइट मोजले आणि सर्व्हरकडं तिथून पुढचे मागितले. म्हणजे वर लॉगिनचं पान, खाली खरे शब्द, आणि बेरीज बरोबर. टारबॉल (फाइलींचं दाबून बांधलेलं गाठोडं) असता तर उघडतानाच बोंबलला असता. टेक्स्ट फाइल कशाला बोलेल?

वर मी पीकेजीबिल्डमधले चेकसम नव्यानं भरणारं अपडीपीकेजीसम्स चालवलं. चेकसम म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिच्या ओळखीचा आकडा. त्यानं माझ्याच खराब फाइलचा चेकसम काढून लिहिला. माझ्याकडं बिल्ड झालं, बाकी सगळ्यांकडं खरी फाइल उतरली आणि तपासणीत नापास झाली. तक्रार करणाऱ्या पहिल्या माणसाला मी रुबाबात सांगितलं, जुनी फाइल काढून परत बघा. ते मलाच करायला हवं होतं. हेड कमांडनं फाइलच्या पहिल्या ओळी बघितल्या तेव्हा कान गरम झाले. मूळ प्रकल्पानं चेकसम छापलेला होता, तो मी उघडलाही नव्हता.

त्यामुळं अर्धवट फाइल आधी उडवा, मगच नेटवर्क बदला. चेकसमच्या जागी 'स्किप' (म्हणजे तपासूच नका) लिहायला सांगणारा सीनियर भेटला तर त्याचा चहा प्या, सल्ला घेऊ नका. मेंटॉर शोधत महिने घालवण्यापेक्षा पॅकेज बांधणाऱ्या मेकपीकेजी कमांडचं मॅन्युअल दोनदा वाचलेलं बरं, असं माझं मत.

चेकसम फिसकटला म्हणजे दर वेळी तुमचीच चूक, असंही नाही. जानेवारी २०२३ मध्ये गिटहब या कोड ठेवायच्या साइटनं आपोआप बनणारे टारबॉल दाबायची पद्धत बदलली. आतला कोड तोच, तरी चेकसम बदलले, आणि बदल लगेच मागं घ्यावा लागला. पण आधी कारण शोधा, आकडा नंतर बदला.

दुरुस्ती चढवताना पीकेजीरेल (त्याच आवृत्तीचं पॅकेज कितव्यांदा काढलं तो आकडा) वाढवायची गरज नव्हती. घाबरून वाढवला. कुणी काही बोललं नाही.