आर एक्स १०० ची टाकी: आधी आतला गंज, मग बाहेरचा रंग

जुनी यामाहा आर एक्स १०० मोटरसायकल घरच्या घरी नव्यासारखी करायची ठरवली की हात आधी रंगाकडे जातो. थांबा. १९९६ नंतर ही गाडी बनलीच नाही, त्यामुळे बहुतेक टाक्यांना आतून गंज असतो, आणि तो सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या बारीक भोकात, अडकतो.

पेट्रोल पूर्ण काढा, मोकळ्या हवेत, आसपास विडीकाडी नको. पेट्रोल कॉक (टाकीखालची तोटी) काढून ते भोक रबरी बुचाने बंद करा. साबणाच्या पाण्याने आतला तेलकटपणा घालवा. हे टाळलंत तर पुढची मेहनत वाया. मग लिटरला साधारण ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा. रात्रभर ठेवा, मधून मधून हलवा. संडास साफ करायचं अ‍ॅसिड मात्र नकोच, ते पत्राही खातं.

खरी घाई यानंतर. अ‍ॅसिडचं पाणी ओतून टाकलं की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळा, मग साध्या पाण्याने, आणि लगेच हेअर ड्रायरच्या गरम हवेने सुकवा. उघडा पत्रा बघता बघता पुन्हा तांबूस होतो, पावसाळी कोकणात तर विचारूच नका. सुकल्यावर थोडं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) आत सगळीकडे फिरवा. रंगाला वेळ लागणार असेल तर ते तसंच राहू द्या. पेट्रोल भरताना कॉकची जाळी साफ करा, पाइपमध्ये स्वस्तातला फिल्टर बसवा. रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद लागते.