प्रभागाचा प्रचार मोबाइलवरून कसा करायचा

नागपुरात मी नगरसेवकपदाच्या उमेदवारांचा मोबाइलवरचा प्रचार सांभाळते. नवा उमेदवार आला की पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, रील व्हायरल कशी करायची?" भाऊ, पुण्यातल्या लाखभर लोकांनी ती पाहिली तरी मानेवाड्यातलं एक मत वाढत नाही. तुमचा मतदार व्हॉट्सॲपवर आहे, तिथून सुरुवात करा.

आधी ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा पाठवणारी यादी. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच मेसेज पोचतो. घोडं इथंच अडतं. म्हणून दारोदारी फिरताना नुसतं पत्रक देऊन पुढे सरकू नका. काकूंना म्हणा, "टँकर नाही आला तर या नंबरवर कळवा," तिथंच मिस्ड कॉल द्या आणि नंबर सेव्ह होईपर्यंत थांबा. त्यांचं नाव लिहिताना पुढे वस्ती लिहा आणि लिस्टही वस्तीवारच करा. एका गल्लीतल्या तुंबलेल्या गडरलाइनचा मेसेज अख्ख्या प्रभागाला गेला, तर बाकीचे तुम्हाला म्यूट करून टाकतात. काकूंची तक्रार आली की त्याच दिवशी उत्तर द्या. काम व्हायला वेळ लागणार असेल तर तसं स्पष्ट कळवा.

न विचारता कुणाला ग्रुपमध्ये टाकू नका. लोकांनी रिपोर्ट केलं तर ऐन प्रचारात नंबर बंद पडू शकतो.

व्हिडिओ उभा, मिनिटाच्या आत, खाली ठळक मजकूर, कारण बरेच जण आवाज बंद ठेवूनच बघतात. जरीपटका, मोमिनपुऱ्यात हिंदीतून बोला. एक व्हिडिओ मात्र कराच: मत कसं द्यायचं. आपल्या महापालिकेत बहुतेक प्रभागांत अ, ब, क, ड अशा चार जागा असतात, म्हणजे प्रत्येक जागेसाठी वेगळं मत द्यायचं असतं. एक बटण दाबलं की झालं, असं म्हाताऱ्या माणसांना वाटतं. घरातल्या आजीला शेजारी बसवा, कागदावर चार रकाने आखा आणि एकेका रकान्यावर बोट ठेवून समजावा.

समोरच्या उमेदवाराबद्दल आलेलं फॉरवर्ड पुढे ढकलू नका. दुहेरी बाण असलेला, म्हणजे खूप वेळा फॉरवर्ड झालेला मेसेज २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो, तो नियम अफवांमुळेच आला. खोट्या फॉरवर्डवर मत मागणाऱ्याचं काम मी घेत नाही. तुमच्याबद्दल अफवा उठली तर रात्र उलटू देऊ नका, उमेदवारानं स्वतः पुराव्याचा कागद हातात धरून व्हिडिओत अर्ध्या मिनिटात खुलासा करावा.

फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या राजकीय जाहिरातीवर पैसे कुणी दिले ते दिसावं लागतं, आणि ती ॲड लायब्ररीत, म्हणजे जाहिरातींच्या खुल्या संग्रहात, सात वर्षं राहते, कुणीही काढून बघू शकतो. प्रत्येक बिल खर्चाच्या हिशेबात लावा. जाहिरातीच्या पूर्वपरवानगीचे नियम अर्ज भरतानाच निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारून घ्या. प्रचाराची मुदत संपायच्या आदल्या रात्री फोन घेऊन बसा आणि बूस्ट केलेल्या, म्हणजे पैसे देऊन जास्त लोकांना दाखवलेल्या, प्रत्येक पोस्टची शेवटची तारीख-वेळ तपासा.