जीएलपीआयच्या यादीत संगणक येत नाही? असं तपासा

बुटीबोरीच्या कारखान्यात किंवा सीताबर्डीच्या ऑफिसात जीएलपीआय १० (संगणक आणि इतर उपकरणांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवलं, संगणकावर एजंटही (त्याची माहिती सर्व्हरला पाठवणारा छोटा प्रोग्राम) टाकला, तरी यादी रिकामी? आधी सर्व्हरवर ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’मधल्या ‘इन्व्हेन्टरी’त जाऊन इन्व्हेन्टरी, म्हणजे आपोआप नोंद घेणं, चालू करा, नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती बंदच असते. बहुतेकदा घोडं इथंच अडतं.

मग यादीत न दिसणाऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, पोर्ट ६२३५४ (localhost:62354) उघडा आणि ‘फोर्स अ‍ॅन इन्व्हेन्टरी’वर क्लिक करा. पान उघडलंच नाही, तर एजंटची सर्व्हिस सुरू आहे का ते पाहा. उघडलं पण नोंद आली नाही, तर एजंटच्या लॉगमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि एसएसएलची (सुरक्षित कनेक्शनची) एरर शोधा. ऑफिसातच बनवलेलं सर्टिफिकेट एजंट नाकारतो. अशा वेळी सर्टिफिकेटची तपासणी बंद करू नका, सर्टिफिकेटची फाइल एजंटला द्या.

स्विच-प्रिंटरसाठी एसएनएमपी (नेटवर्कवरून उपकरणांची माहिती विचारण्याची पद्धत) लागतं: फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट १६१ मोकळं ठेवा, कम्युनिटीचं (एसएनएमपीच्या पासवर्डसारख्या शब्दाचं) नाव अक्षरन् अक्षर जुळवा.