बिल्ड झाले, पण चालेना: पायथन एक्स्टेन्शनच्या कामातील अनुभव

२०१५ च्या पावसाळ्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या वजनकाट्यासाठी मी माझे पहिले पायथन एक्स्टेन्शन, म्हणजे पायथनमधून वापरता येणारे सी भाषेतील मॉड्यूल, लिहिले. काट्याकडून सिरियल पोर्टवर येणाऱ्या बाइटमधून वजन काढणारा जुना सी कोड तयार होता. तो पायथन २.७ मधून वापरता येईल असा करून देणे एवढेच माझे काम होते. विंडोजवर बिल्ड (कोड कंपाइल करून वापरण्याजोगी फाइल बनवणे) सुरू करताच ‘व्हीसीव्हारसऑल.बॅट सापडत नाही’ असा संदेश आला. अधिकृत पायथन २.७ हा व्हिज्युअल स्टुडिओ २००८ ने कंपाइल केलेला असल्यामुळे बिल्डची यंत्रणा तोच कंपायलर शोधत होती, आणि माझ्याकडे होती २०१२ ची आवृत्ती. त्या काळी सर्रास सांगितला जाणारा तोडगा म्हणजे व्हीएस९०कॉमएनटूल्स या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये नव्या आवृत्तीचा पत्ता भरणे. मी तो भरला, बिल्ड झाले, पणजीच्या कार्यालयात सगळ्या चाचण्याही पार पडल्या.

कारखान्यात मात्र प्रोग्रॅम मधूनच बंद पडू लागला. पायथनचा ट्रेसबॅक (चूक कुठे झाली ते सांगणारी यादी) नाही, कसला संदेश नाही. खिडकी नाहीशी व्हायची. जुवारी पुलावरच्या कोंडीत अडकत मी तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला प्रत्येक टप्प्यावर लॉग लिहायची व्यवस्था केली, तेव्हा दिसले की शेवटची ओळ दर वेळी एकच असते: चेकसम (बाइट बरोबर आले की नाही हे पडताळणारा आकडा) जुळला नाही. कार्यालयातील नमुना फाइल स्वच्छ होती, त्यामुळे कोडची ती वाट तिथे कधी चाललीच नव्हती. त्या वाटेवर मी पायथनच्या पायमेम_मॅलॉकने घेतलेला बफर (मेमरीचा तुकडा) सीच्या साध्या फ्रीने सोडत होतो.

ही चूक माझीच, पण ती घातक का ठरली हे समजून घेण्यासारखे आहे. पायमेम_मॅलॉक हे फंक्शन पायथनच्या डीएलएलमध्ये (लायब्ररी फाइलमध्ये) असते आणि ते डीएलएल एमएसव्हीसीआर९० या सी रनटाइमशी, म्हणजे सीची मूळ फंक्शने पुरवणाऱ्या लायब्ररीशी, जोडलेले होते; माझा फ्री मात्र एमएसव्हीसीआर११० मधला, म्हणजे २०१२ च्या कंपायलरच्या रनटाइममधला होता. एकाच प्रोसेसमध्ये दोन सी रनटाइम नांदत होते आणि दोघांचे हीप (मेमरी वाटपाचे साठे) वेगळे होते. एकाने दिलेली मेमरी दुसऱ्याकडे परत केली की हीप बिघडतो. प्रोग्रॅम कधी तत्क्षणी कोसळतो, तर कधी बऱ्याच वेळाने भलत्याच ठिकाणी. उघडलेल्या फाइलचा पॉइंटर एका रनटाइमकडून दुसऱ्याकडे दिला तरी अशीच गत होते. मी बफर पायमेम_फ्रीने सोडला आणि पायथन २.७ साठी मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये मोफत दिलेल्या कंपायलरने पुन्हा बिल्ड केले.

म्हणून आमच्याकडे नव्याने येणाऱ्यांना मी आधी इंटरप्रिटर सुरू करून त्याची पहिली ओळ वाचायला लावतो. तिथे ‘एमएससी व्ही.१५००’ दिसले तर २००८ चा कंपायलर, १६०० म्हणजे २०१० चा (पायथन ३.३ आणि ३.४), आणि १९०० वा त्यापुढचा आकडा म्हणजे ३.५ पासूनची पिढी. या पिढीत युनिव्हर्सल सीआरटी हा सामाईक सी रनटाइम आल्यामुळे २०१५ पासूनच्या कंपायलरांनी केलेली एक्स्टेन्शने साधारणतः एकमेकांशी जुळतात. मिश्र मॅलॉक-फ्रीची चूक मात्र आजही सुटत नाही, कारण ३.६ पासून पायमेम_मॅलॉक पायथनच्या स्वतःच्या वाटपयंत्रणेतून मेमरी देते. ती चूक आता लिनक्सवरही अंगाशी येते.

लिनक्सवरचा धडा वेगळा होता. उबुंटू २२.०४ वर बिल्ड केलेले एक्स्टेन्शन ग्राहकाच्या २०.०४ वर चढेना, ‘जीलिबसी २.३४ सापडत नाही’ अशी तक्रार. जीलिबसी म्हणजे लिनक्सवरची मुख्य सी लायब्ररी. मी कोडमध्ये फक्त एक थ्रेड सुरू केला होता! पण २.३४ या आवृत्तीत थ्रेडची फंक्शने मुख्य लायब्ररीत आली आणि त्यांना नवा आवृत्तीशिक्का मिळाला, २२.०४ वर २.३५ असते आणि २०.०४ वर २.३१. जुन्या यंत्रावर बिल्ड केलेले नव्यावर चालते, उलटे चालेलच असे नाही. अनेक लिनक्सवर चालेल असे बिल्ड करण्यासाठीचा मेनीलिनक्स२०१४ चा कंटेनर सेंटओएस ७ वर, म्हणजे जीलिबसी २.१७ वर, बेतलेला असतो तो याचसाठी. त्यात बिल्ड करावे आणि ऑडिटव्हील या साधनाने तयार व्हील (पायथनची बसवायला तयार पॅकेज फाइल) तपासून घ्यावे. अल्पाइन या लिनक्समध्ये जीलिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी असते, त्यामुळे हे व्हील तिथे चालत नाही; त्यासाठी मसललिनक्सचे व्हील निराळे करावे लागते.

सी++ वापरणाऱ्यांना आणखी एक खड्डा ओलांडावा लागतो. जीसीसी ५ मध्ये स्ट्रिंग आणि लिस्ट यांची अंतर्गत मांडणी बदलली, त्यामुळे जुन्या मांडणीची तयार लायब्ररी नव्या कोडला जोडली की ‘अनडिफाइंड सिम्बॉल’ येतो. न सापडलेल्या नावात ‘सीएक्सएक्स११’ अक्षरे दिसली, तर आपल्या कोडमध्ये शोधत बसू नये. शक्य तिथे मी दोन लायब्ररींच्या सीमेवर स्ट्रिंग ठेवतच नाही. साधा कॅरेक्टर पॉइंटर आणि लांबी देतो.

पायथनच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळे बिल्ड टाळायचे असेल, तर ३.२ पासून उपलब्ध असलेला मर्यादित एपीआय (आवृत्ती बदलली तरी चालत राहणाऱ्या फंक्शनांचा संच) वापरता येतो. त्यात काही फंक्शने आणि मॅक्रो सोडावे लागतात, म्हणून सुरुवातीलाच निर्णय घ्यावा. लिहून झालेला कोड त्यात बसवताना माझा एक अख्खा महिना गेला, आणि त्या वर्षी चवथीला घरी जायलाही जमले नाही.

माझ्या टेबलाखाली उबुंटू २०.०४ चा एक जुना लॅपटॉप आहे, त्यावर कंपायलर मुद्दामच बसवलेला नाही. नवीन मुलांचे व्हील मी प्रथम त्यावर चढवतो, आणि मग खराब चेकसमची फाइल देतो.